प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: बेताच्या खर्चातील युरोप प्रवासाची आगाऊ आखणी

युरोपच्या प्रवासाचा बराचसा खर्च विमानात बसण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. कोणती शहरे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या क्रमाने पाहायची, हे तर महत्त्वाचे आहेच. पण रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी आरक्षणे आधी आणि परत मिळणार नाहीत अशी नंतर, हा क्रम सांभाळला नाही, तर स्वस्तात घेतलेले तिकीट व्हिसा न मिळाल्यामुळे सर्वांत महाग ठरू शकते. पुढील आखणी महाराष्ट्रातून प्रथमच स्वतःच्या हिमतीवर युरोपला निघणाऱ्या कुटुंबासाठी आहे. तिच्यात साधारण दहा रात्री आणि प्राग, व्हिएन्ना व बुडापेस्ट ही तीन शहरे धरली आहेत.

पहिल्या फेरीत बहुतेकांना पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम एकदम हवे असतात. त्यात गैर काही नाही, पण त्या मार्गावरची अंतरे मोठी आहेत आणि स्वित्झर्लंडमध्ये साधे जेवणही खिशाला जाणवते. याउलट प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट एकाच रेल्वेमार्गाच्या ओघात येतात. प्रागहून व्हिएन्नाला सुमारे चार तास लागतात, तर व्हिएन्नाहून बुडापेस्टला अडीच तासांहून थोडे अधिक. चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामाईक व्हिसा असणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो, आणि प्राग व बुडापेस्टमधील राहणे-खाणे पश्चिम युरोपाच्या मानाने स्वस्त आहे. चौथे शहर घालण्याचा मोह मात्र आवरावा. शहर बदलले की सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे आणि नवी खोली ताब्यात घेणे यात अर्धा दिवस सहज जातो. पंधरा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहलींत प्रवाशाला बसची खिडकीच अधिक दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानाचे तिकीट शोधताना मुंबई ते प्राग आणि परत, असा शोध घेऊ नये. शोधपानावरील ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून जाताना मुंबई ते प्राग आणि येताना बुडापेस्ट ते मुंबई असे एकाच तिकिटावर मागावे. दुबई आणि दोहामार्गे जाणाऱ्या कंपन्यांची विमाने तिन्ही शहरांना जातात, त्यामुळे असे तिकीट पुष्कळदा सरळ परतीच्या तिकिटाच्या आसपासच पडते. आणि थोडे महाग पडले तरी बुडापेस्टहून पुन्हा प्रागला जाण्याचे रेल्वेभाडे व त्यात जाणारा जवळजवळ अख्खा दिवस वाचतो. हाच प्रवास उलट दिशेने, म्हणजे बुडापेस्टला उतरून प्रागहून परत, असाही तपासावा, कारण दोन दिशांच्या दरांत कधीकधी चांगलाच फरक निघतो.

महिना निवडताना इथल्या शाळांच्या सुट्ट्यांशी सांगड घालावी लागते. एप्रिलअखेर ते मेअखेर आणि संपूर्ण सप्टेंबर हे दिवस हवामान व दर या दोन्ही दृष्टींनी चांगले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात हे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरच्या मध्यावर या शहरांत संध्याकाळी चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे खोल्या स्वस्त मिळाल्या तरी फिरायला मिळणारा दिवस आखूड असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नाताळचे बाजार भरू लागले की प्राग आणि व्हिएन्नामधील खोल्यांचे दर, विशेषतः शनिवार-रविवारचे, पुन्हा वाढतात.

आता व्हिसा. सारे वेळापत्रक त्याच्याभोवती बांधावे लागते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. मे महिन्यातील प्रवासाचा अर्ज नोव्हेंबरपासून करता येतो, म्हणजे दिवाळी आटोपली की कागदपत्रांना हात घालावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळी सुट्टीवाल्यांची झुंबड उडाल्यावर अर्ज केंद्रावर भेटीची वेळ मिळणेच अवघड होते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून चौघांच्या कुटुंबाने ही रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत लिहावी.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम साधा आहे: ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश त्याच्याकडे. प्रागला तीन, व्हिएन्नाला तीन आणि बुडापेस्टला चार रात्री ठरवल्या, तर अर्ज हंगेरीकडे जाईल. इथे नियम आणि काटकसर एकाच दिशेला बोट दाखवतात, कारण या तिघांत व्हिएन्नाच महाग आहे आणि तिथली एक रात्र कमी करून ती बुडापेस्टला दिल्यास खर्च उतरतो. मात्र केवळ भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून कागदावर एका देशात अधिक रात्री दाखवून प्रत्यक्षात दुसरीकडे राहणे टाळावे. पुढच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि सर्व शेंगेन देशांत लागू असले पाहिजे. बँकेचे विवरण, आयकर विवरणपत्रे, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र आणि दिवसवार कार्यक्रम यांत दिलेल्या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळतात का, हे अर्जापूर्वी कोणाला तरी त्रयस्थपणे तपासायला द्यावे. लंडन जोडण्याचा विचार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र घ्यावा लागतो आणि तिथून पुन्हा शेंगेन क्षेत्रात यायचे असल्यास शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. कमी खर्चाच्या पहिल्या फेरीत ही जोड परवडत नाही.

यावरून पैसे भरण्याचा क्रम ठरतो. अर्जाआधी विनाशुल्क रद्द करता येणाऱ्या खोल्या आणि विमानाचे आरक्षण घ्यावे. पूर्ण पैसे भरून विमानाचे तिकीट काढणे व्हिसा मिळेपर्यंत टाळता आले तर टाळावे, आणि काढायचेच असेल तर रद्द करण्याचे शुल्क किती हे आधी वाचावे. खोली रद्द करण्याची अंतिम मुदत त्या शहराच्या वेळेनुसार असते. व्हिसा हाती आला की मग रेल्वेची स्वस्त, परतावा नसलेली तिकिटे काढावीत, आणि त्याच बैठकीत खोल्यांचे दर पुन्हा पाहावेत, कारण तीच खोली कधीकधी आधीच्या भावापेक्षा स्वस्त मिळते व जुने आरक्षण रद्द करून नवे करता येते. परदेश सहलीचे तयार पॅकेज घेतल्यास पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा कर, घेतला जातो. तो पुढे आयकरात वळता करून घेता येत असला, तरी प्रवासाच्या ऐन वेळी पैसा अडकतो. स्वतः आखणी करण्याचा हा एक दुर्लक्षित फायदा आहे.

रेल्वेचे भाडे इथे विमानासारखे मागणीप्रमाणे बदलते. लवकर काढलेले सवलतीचे तिकीट आणि प्रवासाच्या दिवशी खिडकीवर काढलेले तिकीट यांच्यात दुपटीहून अधिक फरक असू शकतो. आंतरराष्ट्रीय गाडीचे तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वे विकतात आणि दर सारखे असतातच असे नाही. म्हणून प्राग-व्हिएन्नासाठी चेक रेल्वे आणि ऑस्ट्रियाची ओबीबी, तर व्हिएन्ना-बुडापेस्टसाठी ओबीबी आणि हंगेरीची माव, अशा दोन-दोन संकेतस्थळांवर तीच गाडी पाहावी. प्राग-व्हिएन्ना मार्गावर रेजिओजेट ही खासगी कंपनीही आहे. तिकीट काढले म्हणजे जागा मिळाली, ही आपल्याकडची समजूत तिथे चालत नाही. ओबीबीच्या तिकिटावर आसनाचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते. ते काही युरोंत होते, आणि मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर ते जरूर घ्यावे. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री युरोपभर नवे वेळापत्रक लागू होते, त्यानंतरच्या तारखांची तिकिटे बऱ्याचदा उशिरा विक्रीला येतात, त्यामुळे नाताळात जाणाऱ्यांनी ती दिसत नाहीत म्हणून घाबरू नये. अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास या मार्गासाठी घेऊ नये. तो लांबच्या आणि रोजच्या प्रवासाला उपयोगी पडतो. शिवाय फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात.

खोली जुन्या शहराच्या चौकातच हवी असा हट्ट धरू नये. प्रागमध्ये कार्लीन किंवा होलेशोविसे, व्हिएन्नामध्ये मेट्रोच्या यू-१ मार्गावरील फावोरिटेन, बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडील पेस्ट बाजूचा केलेती रेल्वे स्थानकाजवळचा भाग, अशा ठिकाणी दर उतरतात आणि मेट्रो किंवा ट्रामने शहराचा मध्य थोड्याच वेळात गाठता येतो. व्हिएन्नाऐवजी तासाभरावरील ब्रातिस्लाव्हामध्ये राहून ये-जा करण्याचा सल्ला काही जण देतात. चौघांचे रोजचे रेल्वेभाडे आणि दोन तास मोजले तर तो हिशेब जुळत नाही.  अनेक ठिकाणी शहरकर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो आणि तो तिथे पोहोचल्यावर घेतला जातो, त्यामुळे दोन खोल्यांची तुलना करताना तो जोडूनच करावी.

शहरांतर्गत फिरण्यासाठी तिन्ही ठिकाणी २४ तासांचे किंवा अधिक दिवसांचे तिकीट मिळते आणि ते मेट्रो, ट्राम व बसला चालते. स्थानकांवर अडवणारी फाटके नसल्यामुळे तिकीट तपासत नाहीत असे वाटते, पण साध्या वेशातील तपासनीस येतात आणि यंत्रात छाप न मारलेले कागदी तिकीट असले तरी दंड होतो. बुडापेस्टच्या विमानतळावरील १००ई या बसला मात्र साधे तिकीट चालत नाही, तिचे वेगळे घ्यावे लागते. डॅन्यूबच्या काठाने जाणारी बुडापेस्टची २ क्रमांकाची ट्राम आणि प्रागच्या किल्ल्याकडे चढणारी २२ क्रमांकाची ट्राम या पर्यटक बसचे काम साध्या तिकिटात करतात. व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याची विस्तीर्ण बाग विनामूल्य आहे. पैसे राजवाड्याच्या आतील दालनांसाठी लागतात. तिथल्या ऑपेरागृहात उभ्याने ऐकण्याची स्वस्त तिकिटे मिळतात आणि संगीताची आवड असणाऱ्याने ती सोडू नयेत.

चलनाबाबत एकच सावधगिरी पुरेशी आहे. युरो फक्त ऑस्ट्रियात चालतो. चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. पर्यटक भागांतील एटीएम किंवा दुकानातील यंत्र रक्कम रुपयांत घेऊ का असे विचारते, तेव्हा नेहमी नकार देऊन स्थानिक चलन निवडावे, कारण त्या सोयीसाठी लावलेला दर फार वाईट असतो.

जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि दिवसातून एक जेवण घरचे ठेवावे. तांदूळ, डाळी, भाज्या, दही हे सारे बिल्ला, लिडल, स्पार अशा दुकानांत मिळते, पण ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार करावा किंवा मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकान गाठावे. व्हिएन्नात पिण्याचे पाणी विकत घेण्याची गरज नाही. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी शहराला नळाने मिळते. इथून नेताना थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या आणि मसाले न्यावेत. तूप, पनीर, खव्याचे पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे, त्यामुळे मे महिन्यात तिकडच्या नातलगांसाठी हापूसची पेटी उचलण्याआधी दोनदा विचार करावा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रवेशाची संगणकीय नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी रांग लांबू शकते, म्हणून प्रागला उतरल्याच्या दिवशी ठरावीक वेळेचे कोणतेही तिकीट घेऊ नये. त्या रांगेत उभे असताना खोल्यांची आरक्षणे, विम्याचा कागद आणि परतीचे तिकीट यांच्या छापील प्रती हातातील पिशवीत, सहज काढता येतील अशा ठेवाव्यात. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.