वाळूचं टेबल मांडण्याआधी

शाळेच्या भूगोल दालनात एआर सँडबॉक्स, म्हणजे वाळूवर जिवंत नकाशा उमटवणारं टेबल, उभा करायचं ठरवलं असेल, तर आधी मनापासून अभिनंदन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी हा सँडबॉक्स घडवला आणि त्याच्या प्रोग्रॅमचा सगळा कोड खुला ठेवला. मुलांनी वाळूचा डोंगर रचला की वरचा कॅमेरा त्याची उंची मोजतो, प्रोजेक्टर लगेच त्यावर रंग आणि समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा पाडतो. वाळूवर तळहात पसरून धरला की पाऊस पडतो आणि पाणी उतार शोधत वाहायला लागतं. तयारी करताना एकच कसोटी लावा: वाळू सोडून यातलं काहीही हलता कामा नये.

सुताराकडे नंतर जा, आधी कॅमेरा मिळवा. सगळ्यांत बिनधोक निवड म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या खेळयंत्रासाठी 2010 मध्ये आलेला पहिल्या पिढीचा किनेक्ट हा कॅमेरा. तो बाजारात आला आणि काही दिवसांतच हेक्टर मार्टिन यांनी त्याचा खुला ड्रायव्हर, म्हणजे तो संगणकाला जोडून वापरू देणारा प्रोग्रॅम, लिहून इलेक्ट्रॉनिक्सचे भाग विकणाऱ्या अ‍ॅडाफ्रूटचं बक्षीस जिंकलं. तेव्हापासून हा खेळाचा कॅमेरा जगभरच्या हौशी मंडळींच्या हाती आहे. आता त्याचं उत्पादन बंद आहे, म्हणून सेकंडहँडच शोधावा लागेल. बुडाला मॉडेल क्रमांक असतो. 1414 किंवा 1473 दिसला की पुढे बोला. पहिला प्रश्न किमतीचा नको, अ‍ॅडॅप्टरचा विचारा. किनेक्टची पिन साध्या यूएसबीत बसत नाही आणि त्याला वीजही वेगळी लागते.

प्रोजेक्टर शॉर्ट थ्रो हवा, म्हणजे जेवढ्या उंचीवर लावाल साधारण तेवढ्याच रुंदीचं चित्र देणारा. चित्राचं प्रमाण 4:3 हवं, 1024×768 पुरे. किनेक्टचं उंची मोजणारं चित्र 640×480 असतं, पेटी 40×30 इंचांची करायची असते; तिन्ही प्रमाणं जुळली की प्रकाश वाया जात नाही. रुंद पडद्याचा प्रोजेक्टर शाळेत पडून आहे म्हणून तोच लावायचा मोह होतो, तो टाळा. प्रोजेक्टर खाली तोंड करून चालवता येतो का, हेही माहितीपुस्तिकेत बघा; काहींचा दिवा तसा लावल्यावर तापतो.

आता पेटी. चार इंच थर द्यायचा तर वाळूच जवळपास 90 किलो होते, वर कडेला रेलणारी पोरं. तेव्हा पाण्याला दाद न देणारा जाड प्लाय, आतून सांध्यांना सिलिकॉन सीलंट, आणि चाकं लावायची तर चारही ब्रेकवाली. कॅमेरा वाळूच्या मधोमध, साधारण 40 इंच वर. प्रोजेक्टर लांब बाजूच्या कडेला, जवळपास त्याच उंचीवर. दोन्ही धरणारा खांब लोखंडी अँगलचा करून घ्या. खांबाला धक्का दिल्यावर तो थरथरत असेल तर आडवी पट्टी मारा, मगच पुढे जा.

वाळू पांढरट, बारीक आणि धुतलेली हवी. काळसर वाळूवर रंग मरतात. कारखान्यासाठीची सिलिकाची भुकटी मुळीच नको, ती धूळ छातीत जाते. वाळू नेहमी किंचित ओली ठेवा. त्याने धूळ बसते आणि कडाही उभा राहतो.

संगणकाबद्दल थोडक्यात: एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्यावर 64 बिट लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली, थेट डिस्कवर बसवलेली. आधी व्ह्रूई (बाकीचे दोन ज्यावर चालतात तो क्रेलोस यांचाच पायाभूत प्रोग्रॅम), मग किनेक्टचं पॅकेज, शेवटी सँडबॉक्स, याच क्रमाने बसवा.

कॅमेऱ्याला दिसणारी वाळू आणि प्रोजेक्टरचं चित्र एकमेकांवर बसवण्याच्या जुळवणीसाठी अख्खा दिवस राखून ठेवा. खोलीत ऊन येत असेल तर जाड पडदे लावा, कारण उन्हातल्या अवरक्त किरणांनी किनेक्ट आंधळा होतो. वाळू फळीने सपाट करून तिची पातळी आणि चार कोपरे मोजा. जुन्या सीडीवर पांढरा कागद चिकटवा, बरोबर केंद्रातून जाणाऱ्या दोन रेषांची फुली काढा आणि ताठ तारेची दांडी लावा. प्रोजेक्टर वाळूवर उभी-आडवी रेघ पाडतो. त्यांच्या छेदावर सीडीचं केंद्र धरून एक बिंदू नोंदवायचा. असे बारा. काही वाळूला टेकून, काही वीतभर वर, काही त्याहून उंच. सगळे एकाच पातळीवर घेतले तर जुळवणी फसते. हे दोघांचं काम आहे, एकाने सीडी स्थिर धरायची, दुसऱ्याने कळ दाबायची. सँडबॉक्सचा प्रोग्रॅम सुरू करताना ‘-fpv’ हा पर्याय विसरू नका, नाहीतर केलेली जुळवणी वापरलीच जात नाही आणि रंग डोंगराशेजारी पडतात. यानंतर खांबाला कुणी हात लावायचा नाही.

पाणी भरायची एक आणि आटवायची एक अशा दोन कळा नेमून ठेवा. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना डोंगर कसा रचायचा हे सांगावं लागत नाही. त्यांना सह्याद्री करायला सांगा: कोकणाकडे तुटलेला कडा, देशाकडे हळू उतार. एका बाजूला रेषा एकमेकींना चिकटतात, दुसरीकडे ऐसपैस पसरतात. मग घाटमाथ्यावर पाऊस पाडून पाणी कुठे कुठे जातं ते बघू द्या, खोऱ्याला वाळूचा बांध घालू द्या, फोडूही द्या.

टेबलाखाली पाण्याची स्प्रे बाटली, सुपली, झाडू आणि हात धुवायला बादली ठेवा. सुट्टी लागली की वाळू उपसून पसरा. ओली वाळू झाकून ठेवली तर बुरशी धरते.