बिना लायसन्सची ई-बाईक घेता का? आधी हे पाहून घ्या

शोरूममधी गेलं की दुकानदार म्हणते, भाऊ घेऊन जा, याले ना लायसन्स लागत ना पासिंग. खरं हाय, पण सगळ्याच गाड्यांले नाई. सूट फक्त त्याच गाडीले हाय जिची मोटर 250 वॅटच्या आत अन् स्पीड ताशी 25 किलोमीटरच्या आत, अन् त्या मॉडेलले एआरएआय नाईतर आयकॅटसारख्या गाड्या तपासणाऱ्या सरकारमान्य संस्थेचं सर्टिफिकेट पाहिजे.

म्हणून पैसे द्यायच्या आधी सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा, त्यातलं मॉडेलचं नाव बिलाशी जुळवा, अन् ट्रायल मारताना मीटर 25 च्या पुढं पळते का ते पहाच. दुकानदार स्पीडचं लॉक खोलून स्पीड वाढवून देतो म्हणाला तर बिलकूल नको, कारण मग ती कायद्यानं मोटरसायकलच झाली, आरसी, इन्शुरन्स, हिरवी नंबर प्लेट, लायसन्स सगळं लागते, अन् आठवी-नववीतलं पोट्टं चालवताना सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ खाली पालकाले 25,000 रुपये दंड अन् 3 वर्षांपर्यंत जेल होऊ शकते.

काही लोक म्हणतात या छोट्या गाड्यांलेही नंबर द्या. मले वाटते हेल्मेट सक्तीचं करा, लॉक खोलणाऱ्या दुकानदाराले धरा, पण जिथं एसटी दिवसातून दोनदाच येते तिथल्या शाळेतल्या पोरीले आरटीओच्या चकरा मारायले लावू नका.