उड्डाण-नियोजन शिकायचे असेल तर एअर मॉरिशसचा अभ्यास करा

फ्लाइट डिस्पॅचरच्या, म्हणजे उड्डाणाचा मार्ग व इंधन जमिनीवरून ठरवणाऱ्याच्या, कामात नव्याने येणारे विद्यार्थी अभ्यासासाठी बहुधा एखादी अवाढव्य विमान कंपनी निवडतात, आणि तिच्या शेकडो उड्डाणांच्या जंजाळात कोणता निर्णय कशामुळे घेतला गेला हेच त्यांना उमगत नाही. मुंबईतल्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये काम करताना माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एअर मॉरिशसचे जाळे नकाशावर मांडायला सांगतो. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाची ही कंपनी आहे. तिची विमाने मोजकी आहेत आणि चोहोबाजूंनी समुद्र असल्यामुळे नियोजनातली प्रत्येक अडचण उघडी दिसते.

कंपनीची स्थापना १४ जून १९६७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्याही आधी झाली. त्यात मॉरिशस सरकारसोबत एअर फ्रान्स, ब्रिटनची विमान कंपनी बीओएसी आणि रॉजर्स हा स्थानिक उद्योगसमूह भागीदार होते. आरंभी ती केवळ ग्राउंड हँडलिंग, म्हणजे विमानतळावर इतरांच्या विमानांची व प्रवाशांची व्यवस्था, करत असे. १९७२ मध्ये भाड्याने घेतलेल्या छोट्या पायपर नावाहो विमानाने तिने मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाची सेवा सुरू केली, आणि मुंबई व लंडनसारखे लांबचे मार्ग त्या दशकात एअर इंडिया व ब्रिटिश एअरवेज यांच्या साह्याने उभे राहिले. स्वतःचे विमान घेण्याइतका पैसा नसताना दुसऱ्याचे विमान, वैमानिक आणि देखभाल यांसह भाड्याने घेऊन मार्ग चालवून पाहणे, यालाच आपल्या धंद्यात वेट लीज म्हणतात. पुस्तकातली त्याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा इतिहास लक्षात ठेवावा.

आता रॉड्रिग्जकडे वळू, कारण माझ्या मते खरे शिक्षण तिथे आहे. हे बेट मुख्य बेटाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर आहे, तिथली प्लेन कोरै येथील धावपट्टी जेमतेम १,३०० मीटर लांबीची असून तिच्यावर एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप विमान चालते, आणि तिथे उतरता आले नाही तर जवळ दुसरा विमानतळ नाही. अल्टरनेट (ठरल्या ठिकाणी उतरता आले नाही तर जायचा पर्यायी विमानतळ) म्हणून मॉरिशसच दाखवायचे ठरवले, तर दीड तासाच्या प्रवासाला परतीचे दीड तास, अर्ध्या तासाचे फायनल रिझर्व्ह (हात न लावायचा शेवटचा साठा) आणि ट्रिप फ्युएलच्या (प्रवासात जळणाऱ्या इंधनाच्या) ५ टक्के कंटिन्जन्सी (अनपेक्षित गरजेसाठीची तरतूद) असा हिशेब होतो. विमान तासाला साधारण ७०० किलो इंधन जाळते असे धरा. केवळ परतीच्या तरतुदीचे वजन हजार किलोंच्या वर जाते, म्हणजे सामानासह दहा प्रवाशांइतके. हे इंधन वाटेत जळत नाही, त्यामुळे आखूड धावपट्टीवर उतरतानाही ते वजन विमानात असतेच. मात्र विमान सुरळीत उतरले, तर तेच इंधन परतीच्या फेरीला कामी येते. त्या फेरीत तर चित्रच पालटते: मॉरिशसला उतरता आले नाही तरी शेजारच्या रियुनियन बेटाचा विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून अल्टरनेटचे इंधन पुष्कळ कमी लागते. एकाच मार्गाच्या दोन दिशांचे हिशेब इतके वेगळे का, हे ज्याला कागदावर मांडता आले त्याला इंधनाचे नियम कळले असे मी समजतो. दुसरा पर्याय म्हणजे रॉड्रिग्जला ‘आयसोलेटेड’ (जवळ पर्याय नसलेला) विमानतळ मानून तिथे पोहोचल्यावर दोन तास उडता येईल एवढे इंधन, फायनल रिझर्व्ह त्यातच धरून, ठेवणे. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी करून पाहावेत.

मुंबई ते मॉरिशस हा सुमारे ४,७०० किलोमीटरचा मार्ग सेशल्स आणि मालदीव यांच्या मधून जातो. मध्यावर एका इंजिनावर ६० मिनिटांत गाठता येईल असा नागरी विमानतळ सापडत नाही, म्हणून दोन इंजिनांच्या विमानाला इटॉप्सची, म्हणजे पर्यायी विमानतळापासून इतके दूर उडण्याची, परवानगी लागते. लांब पल्ल्याची उदाहरणे घेताना मात्र एक सावधगिरी हवी. या कंपनीच्या बोइंग ७६७ ने एप्रिल १९८८ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मॉरिशसपर्यंतचे सुमारे १४,००० किलोमीटर न थांबता, १७ तासांच्या आत कापले होते. ते नव्या विमानाचे डिलिव्हरी उड्डाण होते, प्रवासी सेवेचे नव्हे. नवखे अभ्यासक इथे हमखास चुकतात आणि त्याच पल्ल्यावर भरलेल्या विमानाचा हिशेब मांडून बसतात.

चक्रीवादळाच्या मोसमात रियुनियनचा भरवसाही उरत नाही, कारण एकच वादळ दोन्ही बेटांना घेरू शकते. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या बेलाल वादळाने तेच दाखवून दिले. अशा वेळी ‘जवळचा’ अल्टरनेट निरुपयोगी ठरतो. म्हणून अल्टरनेट निवडताना अंतराच्या आधी दोन्ही ठिकाणचे टाफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचण्याची सवय लावून घ्यावी.

पैशाची बाजू वगळू नका, जरी ती डिस्पॅचरच्या परीक्षेत विचारली जात नसली. २००८ मध्ये तेल चढ्या भावात असताना कंपनीने पुढच्या खरेदीचे दर बांधून घेतले, मग भाव कोसळले आणि तिला जबर तोटा सोसावा लागला. २०२० मध्ये महामारीत सीमा बंद झाल्यावर, पर्यटनावर उभ्या असलेल्या या कंपनीचे उत्पन्न आटले आणि २२ एप्रिलला तिचा कारभार आर्थिक संकटातल्या कंपनीसाठी नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांकडे गेला. एअरबस ए३४० आणि ए३१९ विमाने विकली गेली, आणि कंपनी २०२१ च्या अखेरच्या तिमाहीत त्या प्रक्रियेतून सरकारी कर्जाच्या आधाराने बाहेर पडली. देशांतर्गत बाजारपेठ मोठी असती तर काही उड्डाणे तरी चालू ठेवता आली असती. इथे तशी सेवा जवळजवळ रॉड्रिग्जपुरतीच होती.

अभ्यासाची सुरुवात करताना कोणतेही सॉफ्टवेअर उघडू नका. नकाशा, पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन रॉड्रिग्जचे दोन्ही फेरे हाताने मांडा, आणि मग मुंबईचा मार्ग घ्या. मुलाखतीला जाताना हे कागद सोबत ठेवायला हरकत नाही. समोरचा अनुभवी असेल तर तो पहिल्यांदा अल्टरनेटच्या रकान्यावरच बोट ठेवतो आणि ‘हाच का?’ असे विचारतो.