हस्तकलेचं छोटं दुकान टाकताना

कोल्हापुरात महाद्वार रोडवर गिऱ्हाईक आपसूक येतं, पण तिथलं भाडं हस्तकलेच्या मार्जिनला झेपत नाही. आतल्या गल्लीतला दहा बाय बाराचा गाळा पुरे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना दिली की झालं.

सगळा माल रोखीनं उचलू नका, विकला गेल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर ठेवा. कलाकाराला ७० टक्के, दुकानाला ३० हा हिशेब दोघांनाही परवडतो. आवक वहीत नग, दर आणि आधीचा ओरखडा लिहून सही घ्या. फुटलेल्या मडक्याचे पैसे कोणी द्यायचे, हेही तेव्हाच कागदावर आणा. भांडणं नेमकी इथंच होतात.

खरा त्रास पावसाळ्यात. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याला ओल लागली की पांढरी बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून चपला सुती कापडात गुंडाळा आणि फळी भिंतीपासून चार बोटं पुढं ठोका. बुरशी कोरड्या ब्रशनं झाडून चप्पल सावलीत वाळवा. उन्हात चामडं तडकतं. कोल्हापूरजवळच्या हुपरीत घडणाऱ्या चांदीचं उलट: ती हवेनं काळी पडते, घट्ट बंद पिशवीतच ठेवा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या अस्सल मालाची कायदेशीर ओळख) मिळालंय. यंत्रावरचा जोड 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपवू नका.