आतलं ओझं उतरवायची फिलिपिनो रीत, नेरूळ-बेलापूरच्या धावपळीत

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात बोटीवर जाणाऱ्यांची घरं बरीच. व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे ‘बाहाला ना’ (आता जे होईल ते होवो) आणि ‘काईन तायो’ (चला, खाऊया) हे शब्द सुट्टीवर आलेल्या माणसाबरोबर आपल्या घरांतही येतात. सोबत एक गैरसमजही येतो, की ही माणसं जन्मतःच हसरी आणि बेफिकीर. त्या हसण्यामागे घरात शिकवली जाणारी एक रीत आहे आणि ती मराठी माणसाला जमण्यासारखी आहे, कारण तिचे निम्मे भाग आपल्याकडे वेगळ्या नावाने आहेतच.

आधी एक शब्द पक्का करा: लोओब. फिलिपाइन्सच्या तागालोग भाषेत त्याचा साधा अर्थ ‘आत’. घराच्या आत, पेटीच्या आत, तसंच माणसाच्या आत. एखाद्याजवळ निवांत वाटलं तर म्हणतात, ‘त्याच्याबाबतीत माझं लोओब हलकं आहे.’ या वाक्यात दुसरा माणूस आहे, हे लक्षात घ्या. फिलिपिनो मानसशास्त्राची स्वतंत्र मांडणी करणारे विर्हिलिओ एन्रिकेझ (1942–1994) यांनी ‘काप्वा’ ही कल्पना केंद्रस्थानी ठेवली. काप्वा म्हणजे आपण आणि समोरचा मिळून जो एक ‘आपण’ होतो तो. म्हणून मन शांत करायचं तर डोळे मिटून बसण्याआधी कोणाशी काय अडलंय ते बघायचं.

ओझं कोणतं ते ओळखा

सगळ्या अस्वस्थतेवर एकच औषध चालत नाही. चार प्रकार वेगळे करा.

पागोद म्हणजे थकवा. नेरूळहून सीएसएमटीला रोज जाऊन-येऊन दोन तास लोकलमध्ये उभं राहणाऱ्याला बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. उपाय पाहिंगा, म्हणजे विश्रांती. ‘हिंगा’ म्हणजे श्वास, त्यावरून हा शब्द. सुखासाठीचा ‘गिन्हावा’ हा शब्दही फिलिपाइन्सच्या मधल्या बेटांवरच्या विसाया भाषांत श्वासासाठी वापरतात. (त्यात ‘हवा’ ऐकू येते, पण आपल्या हवेशी त्याचं नातं नाही.) थकलेल्या माणसाने नाती तपासायला बसू नये. आधी झोपावं.

हिया म्हणजे ओशाळलेपण, चारचौघांत मान खाली जाणं. टाम्पो म्हणजे रुसवा. आणि सामा नंग लोओब म्हणजे आत साचून राहिलेली अढी.

शेवटच्या दोघांत गोंधळ होतो. ओळखायची सोपी खूण: त्या माणसाचं नाव मोबाइलवर झळकलं आणि ‘आला एकदाचा, पण मी लगेच उचलणार नाही’ असं वाटलं तर टाम्पो. फोन उलटा करून ठेवावासा वाटला तर अढी.

रुसवा काढायची पद्धत

टाम्पो फक्त आपल्या माणसावर करतात, परक्यावर नाही. रुसलेला माणूस भांडत नाही; कमी बोलतो, ताटावरून लवकर उठतो, ‘काही नाही’ म्हणतो. त्याला हवं असतं ते ‘सूयो’, म्हणजे मनधरणी. आपल्याकडे रुसलेल्या जावयाची काढतात तशीच, फक्त इथे बायको, भाऊ, मैत्रीण, सहकारी कोणीही रुसू शकतं आणि त्यात कमीपणा नसतो.

पहिले काही तास सोडून द्या. मग कारण न विचारता जवळ जा: चहा करून द्या, त्याचं एखादं रखडलेलं काम उरकून टाका, सोबत बाजारात चला. थोडी लाडीगोडी करा. तिला ‘लाम्बिंग’ म्हणतात आणि मोठी माणसंही ती बिनदिक्कत करतात. समोरचा एकदा-दोनदा झिडकारेल. ते ठरलेलंच आहे, तिथे मागे फिरू नका. तिसऱ्या खेपेला बहुधा तो स्वतःच बोलतो. तेव्हा ऐकून घ्या, बचाव करू नका.

बिघडतं कुठे? ‘काय झालं ते स्पष्ट सांग’ असं दरडावल्यावर. व्हॉट्सअॅपवर चार परिच्छेदांचा खुलासा पाठवल्यावरही, कारण तो पुनःपुन्हा वाचला जातो आणि दर वाचनात सूर जास्त कडक लागतो. आणि ‘येईल आपोआप ताळ्यावर’ म्हणून आठवडे जाऊ दिल्यावर. न काढलेल्या रुसव्याची अढी होते.

अढीला समोरासमोर भिडण्याऐवजी मध्यस्थ घालतात. त्याला ‘तुलाय’ म्हणजे पूल म्हणतात. तुलाय दोघांनाही मान्य असलेला हवा, शक्यतो वयाने मोठा. त्याने निवाडा द्यायचा नाही. इकडचं म्हणणं धार काढून तिकडे पोचवायचं एवढंच त्याचं काम. सोसायटीच्या पार्किंगवरून बिनसलेल्या शेजाऱ्यांसाठी हा मार्ग व्यवस्थापक समितीला अर्ज देण्यापेक्षा खूपच बरा.

पायऱ्या गाळू नका

जवळिकीच्या आठ पायऱ्या एन्रिकेझ यांनी मांडल्या. पहिल्या पाच परक्याबरोबरच्या: सभ्यपणे वागणं, मिसळणं, कामात सामील होणं, जुळवून घेणं, सोबत राहणं. शेवटच्या तीन आपल्यातल्या माणसाबरोबरच्या: मनमोकळेपणा, त्याच्या गोष्टीत स्वतःला गुंतवणं आणि एकरूप होणं. खारघरच्या टॉवरमध्ये नवीन राहायला गेलेला माणूस लिफ्टमधल्या ‘गुड मॉर्निंग’वरून थेट मनमोकळेपणावर उडी मारायला बघतो, समोरचा दचकतो आणि मग ‘इथली माणसंच कोरडी’ असा निष्कर्ष निघतो. मधलं काम राहिलेलं असतं. गणपतीच्या मंडपात खुर्च्या लावणं ही तिसरी पायरी. तिथून सुरू करा.

मेरिएन्दा

सकाळी दहाच्या आणि दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराचं हलकं खाणं म्हणजे मेरिएन्दा. बेलापूरच्या ऑफिसात हे सहज बसतं. स्वतःपुरतं न आणता चौघांपुरतं आणा: भाजलेले शेंगदाणे, उकडलेली रताळी, केळी. वेळ पंधरा मिनिटं, मोबाइल खिशात, कामाचा विषय बंद. शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘या, खायला’ म्हणायचं. हेच ते ‘काईन तायो’. ऐकणाऱ्याने ‘पोट भरलंय’ म्हणून पुढे गेलं तरी चालतं. बोलावणं झालं हे महत्त्वाचं. आपलं ‘जेवलात का?’ याच जातीचं.

आजारी मनासाठी आरोस काल्दो

कोणी खचलं, पावसात भिजलं, तापातून उठलं की फिलिपिनो घरात ही पेज होते. तिथे चिकट तांदूळही वापरतात. आपल्याकडे इंद्रायणी उत्तम, बासमती अजिबात नको, दाटपणाच येत नाही.

चौघांसाठी: इंद्रायणी एक वाटी, हाडासकट कोंबडी अर्धा किलो, पाणी आठ वाट्या, आलं दोन इंच उभं चिरून, लसूण दहा-बारा पाकळ्या, एक कांदा, चार उकडलेली अंडी, पातीचा कांदा, लिंबू. ‘पातिस’ म्हणजे माशाचं खारं पाणी. मोठ्या दुकानात थाई फिश सॉस म्हणून जे मिळतं ते चालतं, नाहीतर मीठ.

लसूण बारीक चिरून मंद आचेवर तेलात सोनेरी करा आणि निम्मा काढून ठेवा. तपकिरी झाला तर फेकून पुन्हा करा, कारण कडवटपणा अख्ख्या पातेल्याला लागतो. त्याच तेलात कांदा, आलं, मग कोंबडी पाच-सात मिनिटं परता. एक चमचा पातिस, धुतलेले तांदूळ, दोन मिनिटांनी पाणी. उकळी आली की आच मंद करून चाळीस मिनिटं, दर चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळत. शेवटची दहा मिनिटं हलगर्जीपणा नको, तेव्हाच करपते. रंगाला करडईच्या पाकळ्या घालतात; त्यांचं तिथलं नाव ‘कासुभा’, संस्कृत कुसुंभावरून गेलेलं. वरून अंडं, पात, काढलेला लसूण, लिंबू. खारटपणा शेवटी चाखून ठरवा. पेज आटते तशी खारट होते. शाकाहारी घरात कोंबडी, अंडी आणि पातिस वगळून आलं दुप्पट करा, चवीला मीठ घाला. साध्या पेजेला ‘लुगाव’ म्हणतात.

नऊ पहाटा

‘सिम्बांग गाबी’ म्हणजे 16 ते 24 डिसेंबर अशा सलग नऊ पहाटांची प्रार्थना. उजाडायच्या आत शेतावर जाणाऱ्यांच्या सोयीने ही वेळ पडली. नऊच्या नऊ केल्या तर मागितलेलं मिळतं असं मानतात. कार्तिकातली काकड आरती ज्यांनी केली आहे त्यांना यातला आनंद समजावून सांगायला नको.

ख्रिस्ती नसलात तर प्रार्थनेची नक्कल करू नका, नऊ पहाटांची चौकट घ्या. कोणालातरी सोबत घेऊन वाशीच्या सागर विहारला किंवा ठाण्यात तलावपाळीला पाचच्या सुमाराला जा, अर्धा तास चाला, पाच मिनिटं गप्प बसा, मग एकत्र गरम काहीतरी खा. तिथे चर्चबाहेर बिबिंका नावाचा तांदळाचा केक खातात. इथे इडली चालेल. एकट्याने ठरवलं तर चौथ्या दिवशी अंथरूण जिंकतं, म्हणून जोडीदार हवाच. रात्री दहाला झोपणं जमणार नसेल तर हा प्रयोग सुट्टीत करा.

दोन शब्द जपून वापरा

‘बाहाला ना’चा उगम बाथाला या जुन्या तागालोग देवाच्या नावात सांगतात, ते नाव संस्कृत ‘भट्टार’वरून आलेलं. आपण त्याचं भाषांतर ‘देवावर हवाला’ असं करतो आणि चुकतो. 1977 मध्ये फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लाग्माय यांनी दाखवलं की हा शब्द अनिश्चिततेला सामोरं जाण्याचं धाडस देतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आपल्या हातातलं सगळं कागदावर लिहा, त्यातलं करण्यासारखं करून टाका, उरलेल्यापुढे ‘बाहाला ना’ लिहा आणि कागद घडी करून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक न उघडता म्हटलेलं ‘बाहाला ना’ हा निव्वळ आळस.

सगळं करूनही झोप, भूक, कामातला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

दुसरा शब्द ‘उतांग ना लोओब’, आतलं ऋण. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण दुसऱ्याच दिवशी तेवढाच डबा भरून दिला तर हिशेब मिटवल्यासारखं होतं, देणारी दुखावते. थोडे दिवस जाऊ द्या, वेगळं काहीतरी द्या, कमी-जास्त असू द्या. उलट बाजूला, कोणी जुन्या उपकाराची आठवण देऊन पैसे, सही किंवा जामीन मागत असेल तर ते ऋण राहिलं नाही, दडपण झालं. फिलिपिनो घरांतही परदेशी कमावणाऱ्यावर हे दडपण येतं. तेव्हा तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं म्हणून तुलाय वापरा, आणि काय देऊ शकता ते आकड्यात सांगा. ‘बघू’ म्हणालात की समोरचा ‘हो’ ऐकतो.