हॉलसाठी उठावाचे रंग कसे निवडावेत: आधी दिवा, मग रंग

बिल्डरने दिलेल्या पांढऱ्या भिंती, खाली क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, आणि आता हॉलला जरा ऊब हवी, तर उठावाचे रंग, म्हणजे थोडेच वापरून नजरेत भरणारे, कोणते घ्यावेत? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये विटकरी भिंतींचे ढीगभर फोटो आधीच साठवलेले असतात. ते बाजूला ठेवा. त्या फोटोतल्या खोलीत तुमची फरशी नाही, आणि संध्याकाळी सातनंतर तुमच्याकडे जो दिवा लागतो तो तर नाहीच.

१. जे बदलणार नाही ते आधी पाहा

फरशी, सोफा, लाकडाचं पॉलिश किंवा सनमायका, दारं. हे पाया म्हणून धरायचं, आवडो न आवडो.

२. दोनच रंग मनाशी ठरवा (घ्यायचे दिव्यानंतर)

एक उबदार आणि ठळक: गेरू, विटकरी, मोहरी, डाळिंबी, अंजिरी यांपैकी. दुसरा थंड आणि अगदी थोडा: मोरपंखी, मेंदी किंवा गडद निळा. उबदार खोलीत थंड रंग कशाला, असं विचारतात. सगळंच गेरू-विटकरी असलं की नजर सरावते आणि दोन दिवसांत त्यातलं काहीच उठून दिसत नाही. कोपऱ्यातली एक मोरपंखी उशी शेजारच्या गेरूला जागं ठेवते. तिसरा रंग मात्र नको. तो दिवाळीतल्या आकाशकंदिलाला शोभतो.

क्रीम टाइल आणि सागवानी पॉलिश असेल तर विटकरी डोळे झाकून चालतो. सोफा राखाडी असेल तर मोहरी घ्या. सोफा तपकिरी रेक्झिनचा असेल तर आणखी तपकिरी आणू नका, खोली ट्रॅव्हल्सच्या ऑफिससारखी दिसते. तिथे गेरू आणि मेंदी घ्या.

३. दिवा ठरवा. सगळं इथेच अडतं

मी स्वतः या पायरीवर बराच काळ अडले होते. रंग सुंदर, कापड सुंदर, आणि घरी आणल्यावर सगळं मळकट. दोष रंगाचा नव्हता, डोक्यावरच्या ट्यूबचा होता.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या छटेचा, आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा ‘कूल डेलाइट’, आपल्याकडच्या बहुतेक घरांत हाच लागतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर ‘वॉर्म व्हाइट’. ६५०० च्या दिव्याखाली विटकरी मळतो, मोहरीत हिरवट झाक येते आणि डाळिंबीतला लाल मरतो. अशा दिव्याखाली कितीही महाग गालिचा अंथरा, ऊब येणार नाही. हॉलमध्ये संध्याकाळी बसायला लावायचा दिवा ३००० किंवा त्याहून कमीचा हवा, याबाबत मी वाद घालत नाही.

ट्यूब काढून टाकायची गरज नाही. पोरांचा अभ्यास, सुईत दोरा ओवणं, आजोबांचा पेपर यासाठी ती लागतेच. फक्त पिवळा दिवा वेगळ्या बटणावर घ्या, आणि एकाच मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे ठेवा: सोफ्याशेजारी एक, कोपऱ्यात एक. घरातली मोठी माणसं ‘पिवळा उजेड म्हणजे अंधार’ म्हणतात. त्यांचंही अगदीच चूक नाही, कारण उजेड कमी झाला की लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडतो, निळा-हिरवा त्यामानाने टिकतो. म्हणून गडद डाळिंबी किंवा अंजिरी कापड दिव्यापासून दूर, कोपऱ्यात टाकू नका. रात्री ते चक्क काळं दिसतं. ते दिव्याच्या टप्प्यात ठेवा; अंधाऱ्या कोपऱ्यातच रंग हवा असेल तर ठळक रंग म्हणून मोहरीच निवडा.

पिवळ्या दिव्याचे तोटेही माहीत हवेत. फिका पिवळा त्याच्याखाली क्रीम भिंतीत विरघळून जातो. लिंबू किंवा मोतिया रंगाच्या उश्यांवर पैसे घालवू नका, पिवळा घ्यायचा तर खोल मोहरीच. निळाही उतरतो. दुकानात झळाळणारा मोरपंखी घरी हिरवट-राखाडी दिसेल, तेव्हा तो एक छटा अधिक चमकदार घ्यावा.

खोक्यावरचा आणखी एक आकडा कुणी पाहत नाही: सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा तो १०० पैकी गुणांक. स्वस्त एलईडीवर ८० असतो आणि दुकानदार ‘भरपूर आहे’ म्हणतो. पण हा गुणांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. त्या लालचा गुण आर९ नावाने वेगळा मोजतात, आणि ८० च्या बल्बमध्ये तो बहुधा फारच कमी निघतो. आपले उबदार रंग तर बहुतेक लालाच्याच नात्यातले. तेव्हा ९० किंवा त्याहून वरचा बल्ब घ्या. थोडे पैसे जास्त जातील, उश्या-पडद्यांत वाचवा.

४. नमुना घरी, त्याच दिव्याखाली पाहा

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना आपण साडी घेऊन दुकानाबाहेर उजेडात येतो. एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात, हे त्यामागचं शहाणपण. साडीला ते पुरतं, कारण ती दिवसा मिरवायची असते. हॉलमध्ये आपण मुख्यतः संध्याकाळी बसतो, म्हणून इथे शेवटचा शब्द उन्हाचा नव्हे, तुमच्या तीन हजारी बल्बचा. पाव मीटर कापड विकत घ्या, घरी न्या, सोफ्यावर टाका आणि रात्री आठनंतर पाहा. ‘परत घेणार नाही’ म्हणाले तरी पाव मीटरच गेलं.

भिंतीच्या रंगाचा छोटा सॅम्पलचा डबा आणा. थेट भिंतीवर पट्टे ओढू नका, दोन फुटी कार्डशीटवर दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. कडेला पांढरी पट्टी सोडू नका, ती नजरेला फसवते. कागद उभा धरा, आडवा ठेवला की उजेड वेगळा पडतो. सोफ्यामागे, खिडकीशेजारी, फरशीला टेकवून, असा सगळीकडे फिरवा.

शेजारचा रंग काय करतो हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं होतं. १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. धागा नीट रंगलेला होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो मिळमिळीत दिसत होता. तुमच्या हॉलमध्ये हेच काम चकचकीत टाइल करते. करडी झाक असलेल्या टाइलवर विटकरी जसा दिसतो, तसा पिवळट टाइलवर दिसत नाही. शेडकार्डवरच्या दोन इंची चौकोनात यातलं काहीही कळत नाही.

दिवसाचा उजेडही एकदा पाहून घ्या, विशेषतः उत्तरेकडची खिडकी असेल तर. तिथला उजेड वर्षातला बराच काळ निळसर असतो. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, पण त्यातही जूनच्या मध्यापासून बहुतेक दिवस ढगच असतात.

५. वाटून टाका

ठळक रंग तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर: सतरंजी, उश्या, भिंतीवरचं एखादं चित्र. थंड रंग एकाच ठिकाणी. खणाच्या उश्या छान दिसतात, पण काठाचा रंगही मोजणीत धरा. काठ राणी असेल तर तो तुमचा तिसरा रंग झाला. पश्चिमेच्या खिडकीला गडद पडदे लावायचे तर अस्तर हवंच, नाहीतर ते विटतात.

६. भिंत सर्वांत शेवटी

टीव्हीमागची भिंत गडद करून त्यावर टेक्श्चर मारायचं, हा सल्ला रंगारी हटकून देतो. त्याला त्यात मजुरी जास्त मिळते. रोज तासन् तास जिकडे बघायचं तिथेच भडक रंग नको. करायचीच तर सोफ्यामागची भिंत करा आणि फिनिश मॅट ठेवा. चकाकीवर दिव्याचा डाग आणि पुट्टीचे उंचवटे दोन्ही दिसतात. पावसाळ्यात काम काढू नका, पुट्टी लवकर वाळत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातही नको, रंगारी दोन हातांमध्ये वाळायला वेळ देत नाही.

काम संपलं की डब्यावरच्या शेड कोडचा आणि बेसचा (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगाचा) फोटो काढून ठेवा, आणि उरलेला रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवा. सोफ्याची पाठ घासून वर्षभरात भिंतीवर पट्टा उमटतोच.