इंग्रजीत घाबरायचं कसं

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत 'आर यू नर्व्हस?' विचारलं तर मी ताठ बसून 'येस सर, आय अ‍ॅम व्हेरी स्केअरी' असं ठोकून दिलं, समोरचे तिघंही हसले आणि मला वाटलं चला, इम्प्रेशन पडलं. स्केअरी म्हणजे ज्याला बघून दुसरे घाबरतात तो, म्हणजे भूत, अंधारा जिना, आमचे गणिताचे सर. आपली तंतरली असेल तर स्केअर्ड. द डॉग इज स्केअरी, आय अ‍ॅम स्केअर्ड, एवढं आधी घोकून टाका.

दुसरी चूक 'अफ्रेड फ्रॉम', ती बहुतेक हिंदीतल्या 'से'मुळे होते. आपण मराठीत विचार केला तर सोपं आहे, पाली'ची' भीती, त्या 'ची'चं ऑफ करा. अफ्रेड ऑफ लिझर्ड्स. आणि 'अफ्रेड चाइल्ड' असं नाही म्हणत हं, फ्रायटन्ड चाइल्ड म्हणायचं.

आता किती घाबरलो ते सांगायचं तर माझी ट्रिक अशी की आधी मराठीत काय म्हटलं असतं ते बघायचं. ट्यूबलाइटमागून पाल टपकन ओट्यावर पडली आणि तुम्ही दचकलात, तर स्टार्टल्ड, ते अर्ध्या सेकंदाचंच काम. तीच पाल पायावरून गेली आणि तुम्ही हातात लाटणं धरून जागच्या जागी दगड, तर पेट्रिफाइड, ग्रीक 'पेट्रा' म्हणजे खडक त्यातूनच आलाय हा शब्द. बोबडी वळली तर टेरिफाइड, पण त्याला व्हेरी नका लावू, अ‍ॅब्सोल्यूटली लावा. अजून घडलंच नाहीये पण आत्तापासून पोटात गोळा आलाय, रविवारी संध्याकाळी येतो तसा, तर ड्रेड, आय ड्रेड मंडेज.

एक ट्रॅप आहे. आपले हातपाय गार पडतात ते भीतीने, पण ही गॉट कोल्ड फीट म्हणजे त्याने ऐनवेळी कच खाल्ली, लग्नाच्या आदल्या दिवशी वगैरे.

आणि 'आय अ‍ॅम अफ्रेड' ऐकलं की दर वेळी समोरचा घाबरलेला असेलच असं नाही, कित्येकदा तो फक्त गोड बोलून वाईट बातमी देत असतो. मला एकदा फोनवर 'आय अ‍ॅम अफ्रेड युवर फॉर्म इज इनकम्प्लीट' म्हणाली एक बाई, आणि मी तिलाच धीर दिला, 'डोन्ट बी अफ्रेड मॅडम'.